परांचीच्या चार मात्रांची हकीकत

श्रीनटेश्वर समर्थ. पडद्यावरील उजेडास एक दंडवत, पडद्याआडील घामास दोन. स्वामींनी आज्ञा केली जे, हिपहॉप नामे परदेशी नाच आणि त्यावरील चित्रपट यांचे वेड आपले राज्यात कैसे शिरले, त्यांत गोडी ती काय आणि खोट ती काय, आणि पाण्याचे टाकीखालील परांची नामे चाल कैसी बुडाली, हे साद्यंत लिहोन पाठवावे. त्यावरोन सेवकाने जे पाहिले आणि जे ऐकिले, ते भीड न धरिता लिहिले आहे. वाचताना गोड लागणार नाही. कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच.

शके १९३९, हेमलंबी नाम संवत्सर, माहे कार्तिक. राज्याचे नाव पुसू नये, सांगितल्याने त्याची अब्रू वाढणार नाही. त्या राज्यात तख्तावर कोण बसले याची रयतेस फारशी फिकीर नव्हती, शुक्रवारी कोणता चित्रपट लागला याची होती. नाचाचे चित्रपट वर्षास दोन-तीन येत आणि सगळे एकाच साच्यातील गणपती. नायक गरीब असावा, नायिका बंगल्यातील असावी, तिचे तीर्थरूपांनी डोळे वटारावे, नायकाची नाचाची जागा कोणी बिल्डराने बळकावू पाहावी आणि ती सोडविण्यास एक मोठी स्पर्धा यावी, आणि शत्रूंचे टोळीने काळे कपडे घालोन दात-ओठ खावे, आणि जिवलग मित्राने ऐन वेळी रुसोन जावे आणि त्याहोन ऐन वेळी परत यावे, मग नायकाने जिंकावे आणि मातोश्रींनी पदर डोळ्यांस लावावा. पहिले पाव घटकेत ज्यास अक्कल त्यास शेवट दिसे, आणि ज्यास अक्कल नाही त्यास शेजारचा सांगे. तरी लोक जात आणि दुसरे दिवशी पुन्हा जात. कां जात? तर मध्येच नाच सुरू होई, आणि ज्या मनुष्याने दिवसभर शिलाईयंत्राचे पायटे दाबिले त्याची टाच खुर्चीखाली आपसूक आपटू लागे, आणि अंगात इतके बळ आहे हे आजवर कोणी सांगितले कैसे नाही, ऐसे त्यास वाटे. दहा मिनिटे वाटे, मग पुन्हा बिल्डर येई. परंतु ती दहा मिनिटे खरी होती, हे लिहिणारा कबूल करितो.

त्या राज्यात तुळजाबाई फुलारी म्हणोन एक मर्दानी होती. मातोश्री देवळापुढे फुलांची टोपली मांडीत, आणि तुळजाबाई बारा वर्षांच्या असताना गजरे ओवणे टाकोन एकच नाचाचा चित्रपट अकरा वेळां पाहोन आल्या, आणि घरी कपाटाचे आरशापुढे उभ्या राहोन सारा नाच बसविला. मग धीर करोन पाण्याचे टाकीखाली जे नाचणारांचे रिंगण भरे तेथे दाखल जाहल्या आणि नाचल्या, आणि सर्व रिंगण पोट धरोन हसले. कारण ऐसे जे, चित्रपटात पाय दिसे तेव्हां डोके नसे, हात फिरे तोंवर नायिकेचे आ वासलेले तोंड मध्ये येई, आणि मुलीने जे दिसले ते इमाने-इतबारे शिकले. पाऊल टाकावे, थबकावे, मान वळवोन कोणाकडे तरी पाहावे, मग एकदम हात उडवावा. कात्रीचे सगळे वार तिचे अंगावर उमटले होते. एक अंकुशराव लोहकरे तेवढे हसले नाहीत. त्यांनी जवळ बसवोन सांगितले की यांत पोरीची चूक नाही, दोन तुकड्यांमधली पावले त्या लोकांनी खाल्ली आहेत, ती आपण हुडकू. ती हुडकण्यास दोन वर्षे लागली. तेव्हांपासोन तुळजाबाई त्यांस दादा म्हणत, आणि त्यांचे शब्दाबाहेर कधी गेल्या नाहीत.

आता अंकुशरावांचे वर्तमान. ते धंद्याने रंगारी, उंच इमारतींस बाहेरोन रंग देणारे, आणि दिवस सारा बांबूंचे परांचीवर लोंबकळण्यात जाई. त्या लोंबकळण्यातोन त्यांनी एक चाल काढिली आणि तिचे नाव परांचीच ठेविले. चाल अकरा मात्रांची. चार मात्रांत भुईवरोन अंग वर चढे, मग एका हातावर सगळा भार येई, पाय आभाळाकडे, आणि तैसेच चार मात्रा थांबावयाचे. त्या चार मात्रांत काहीच होत नसे. वारा सुटला आहे, बांबू हलतो आहे आणि मनुष्य धरोन आहे, इतकेच. मग शेवटचे तीन मात्रांत कोसळणे आणि उभे राहणे. रिंगणाचा कायदा असा होता की नाचणारा थांबला म्हणजे त्याची पाळी सरली, दुसऱ्याने मध्ये यावे आणि पहिल्याने जागा द्यावी. तेथे हार नाही, जीत नाही, इनाम नाही. फक्त परांचीचे वेळी रिंगण थांबत असे. चार मात्रा कोणी हलत नसे, मुलेबाळे देखील. आणखी एक कायदा असा की ज्याची चाल त्याचे नावे. दुसऱ्यास नाचणे असेल तर त्याने सर्वांदेखत मालकास पुसावे, तळहात भुईस लावोन आण घ्यावी, आणि मालकाने घातलेली अट पाळावी. चौदा वर्षांत ती आण कोणी मोडली नाही. कारण मोडणारास रिंगणात कोणी वाट देत ना.

मग एके दिवशी खऱ्या परांचीचा दोर सुटला आणि अंकुशराव पाचवे मजल्यावरोन खाली आले. जीव वाचला, कंबर गेली. सहा महिन्यांनी चाकांचे खुर्चीत बसोन टाकीचे खांबाजवळ आले तेव्हां तुळजाबाईंनी भुईस तळहात लावोन परांची मागितली. अंकुशरावांनी खुर्ची पुढे घेतली. मग म्हणाले, "घे. पण त्या चार मात्रा गाळायच्या नाहीत. अंग थरथरलं तरी चालंल, थांबायचं." तेथोन पुढे साऱ्या राज्यात परांची एका तुळजाबाईंचे अंगात राहिली. अंकुशराव खांबाशी बसत. पहिले वर्षी लोक विचारपूस करीत, दुसरे वर्षी रामराम करीत, तिसरे वर्षी खुर्चीस वळसा घालोन जात. वाईट कोणी नव्हते, पण बसलेल्या मनुष्याशी नाचणारे काय बोलणार?

ऐसे असता कार्तिकात यशोधनराव दिग्दर्शक यांची स्वारी टाकीखाली आली. बरोबर चार पांढऱ्या गाड्या, छत्र्या धरणारे दोन, काळे चष्मे सर्वांस. त्यांनी परांची पाहिली, तीन वेळां पाहिली, आणि डोळ्यांत पाणी आणिले. ते पाणी खरे होते ऐसे तुळजाबाई आजही म्हणतात. नवे चित्रपटाचे अखेरचे स्पर्धेत हीच चाल घालणे आहे, ऐसे त्यांनी सांगितले. नायक म्हणोन मृगांकराव, निर्माते सरकारांचे भाचे, मुकर्रर जाहले होते. मनुष्य देखणा, स्वभावे गरीब, पाय मात्र वरवंटे. म्हणोन तोंड मृगांकरावांचे राहील आणि नाचतील तुळजाबाई, हिपहॉपचे कपडे ढगळ आणि डोईवर टोपडे, आत कोण आहे हे ब्रह्मदेवास कळणार नाही, ऐसी मसलत ठरली. तुळजाबाईंनी दोनच गोष्टी मागितल्या. परांची अकराच्या अकरा मात्रा, डोक्यापासोन पायापर्यंत, मध्ये कात्री न लावता दाखवावी, आणि पडद्यावर अंकुश लोहकरे यांची चाल ऐसे लिहावे. यशोधनराव म्हणाले, त्यात काय, हे तर आमचे भाग्य.

मातोश्री फुलांची टोपली घेवोन तेथे आल्या होत्या. त्यांनी लेकीस हळूच पुसले की कागद जाहला काय. तेव्हां अंकुशरावांस राग आला आणि त्यांनी सांगितले की रिंगणात कागद चालत नाही, आण चालते. सर्व रिंगण माना डोलावू लागले. मग यशोधनरावांनी सर्वांदेखत गुडघा टेकिला, तळहात भुईस लाविला, आण घेतली, आणि उठोन सुवासिक ओले कागदाने हात पुसला. रिंगणाने टाळ्या वाजविल्या. हीच ती चूक, आणि ही रिंगणवाल्यांवाचोन दुसऱ्या कोणी केली नसती. रिंगणाची आण रिंगणात वाट बंद होण्याचे भयावर चाले, आणि ज्यास त्या टाकीखाली पुन्हा पाऊल ठेवणे नव्हते, त्यास कसले भय? मातोश्री टोपली उचलोन देवळाकडे गेल्या.

चित्रीकरण पांच दिवस चालिले. मृगांकरावांनी एकदां हट्टाने स्वतः परांची करून पाहिली आणि तोंडावर पडले, आणि पांच माणसे त्यांचे नाकास बर्फ लावू लागली. ते बिचारे तुळजाबाईंस म्हणाले की ताई, लोक मला शाबासकी देतील आणि मला लाज वाटेल. इतके शहाणपण त्या सर्व लष्करात दुसऱ्या कोणापाशी आढळले नाही. तुळजाबाई अठरा वेळां नाचल्या, आणि दर वेळी काही ना काही उणे राहिले, दिवा हलला, विमान गेले, घाम डोळ्यांत गेला. एकोणिसावे वेळी हातावर अंग उभे राहिले आणि पहिली मात्रा गेली, दुसरी गेली, मनगट थरथरू लागले, आणि तुळजाबाईंस ऐसे वाटले की आपण पाचवे मजल्यावर आहोत आणि दादा खाली उभे आहेत, धडधाकट, वर पाहात. तिसरी, चौथी. मग कोसळल्या आणि उठल्या. दिवेवाले दिवे सोडोन उभे होते. यशोधनराव खुर्चीवरोन उठले. तुळजाबाई तैशाच घामाघूम रिक्षा करोन टाकीखाली आल्या आणि अंकुशरावांचे पायांस हात लावोन म्हणाल्या की दादा, अकराच्या अकरा झाल्या.

चित्रपट यावयाचा होता चैत्रात, आला शके १९४०, विलंबी नाम संवत्सरी भाद्रपदात. संवत्सराने नावाप्रमाणे काम केले. पहिले दिवशी दुपारचे खेळास सारे रिंगण गेले. अंकुशरावांस चौघांनी खुर्चीसकट उचलोन नेले आणि रांगांचे मधल्या वाटेत बसविले, आणि तुळजाबाई त्यांचे शेजारी बसल्या. दोन तास बिल्डर आला, तीर्थरूपांनी डोळे वटारले, मित्र रुसला. मग स्पर्धा आली, ढोल वाजला, आणि परांची सुरू जाहली. हात भुईस लागला, मृगांकरावांचे तोंड. पाय वर गेला, नायिकेचे तोंड. शत्रूचे टोळीचा म्होरक्या. अंग हातावर चढले आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोंच नायकाच्या मातोश्री घरी टीव्हीपुढे हात जोडताना, आणि तेथोन एकदम कोसळणे, आणि मृगांकराव उभे, आणि वरोन कागदी फुलांचा पाऊस. तुळजाबाई बोटांवर मोजीत होत्या. सात भरल्या. चार कोठेच नव्हत्या. शेवटी नावे धावली त्यांत अंकुश लोहकरे हे नाव नव्हते, आणि नावे अर्धी व्हावयाचे आत दिवे लागले. तुळजाबाईंचे मस्तक संतापाने भणभणले. त्यांनी वळोन दादांकडे पाहिले, तो दादा खुर्चीचे दोन्ही हातांवर भार देवोन अर्धे वर उचलले गेले होते, शिट्ट्या वाजवीत होते आणि रडत होते. सारे थेटर उभे होते.

बाहेर उन्हात खुर्ची ठेविली तेव्हां अंकुशराव म्हणाले, "तुळजे, बघितलंस? अख्खं थेटर उठलं."

"दादा, चार मात्रा खाल्ल्या त्यांनी."

अंकुशरावांनी रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाले, "कुणाला कळलं नाही गं." हे त्यांनी समजूत घालावी तैसे म्हटले, आणि तुळजाबाईंस ते शब्द कात्रीहोन अधिक लागले.

दुसरे दिवशी तुळजाबाई एकट्या यशोधनरावांचे कचेरीत गेल्या. स्वारीने चहा मागविला, आदराने बसविले आणि वाईटही वाटून घेतले. सांगितले की आपण शपथ विसरलो नाही, एकोणिसावी परांची तैसीच ठेविली होती, परंतु चाळीस माणसे बसवोन चित्रपट आधी दाखविला तेव्हां त्या चार मात्रांत लोक खोकू लागले. कोणी मोबाइल काढला. "ताई, थांबलेलं माणूस पडद्यावर कुणाला बघवत नाही," ऐसे ते म्हणाले, आणि नावाचा विषय निघता तो खात्याचा घोळ आहे, पाहतो, म्हणाले. त्यांनी पाहिले नाही. तुळजाबाई जिना उतरताना विचार करीत होत्या की हा मनुष्य लबाड असता तर बरे होते. त्याने तीन वेळां परांची पाहिली होती आणि ती काय आहे हे त्यास कळले होते, आणि कळोनही चाळीस खोकल्यांपुढे त्याने हात टेकिले. नाचाचे चित्रपटांची सगळी खोट इतकीच आहे. नाच ज्यासाठी आहे तेथवर ते येतात, आणि तेथे आले की त्यांस भीती वाटते, मग आईचे तोंड दाखवितात.

मग परांची राज्यभर पसरली. लग्नात परांची, गणपतीचे मिरवणुकीत परांची, शाळेचे संमेलनात परांची, सात मात्रांची, मध्ये मान वळवोन पाहण्यासकट. आणि कोठोन तरी बातमी फुटली की हिचा मूळ पुरुष टाकीखाली खुर्चीत बसतो. झाले. मुले येऊ लागली, आया येऊ लागल्या, वर्तमानपत्रवाले फोटो काढोन गेले, आणि ज्या खुर्चीस लोक वळसा घालीत तिचेभोवती साठ माणसांचा गराडा पडू लागला. अंकुशराव दाढी करू लागले, इस्त्रीचा सदरा घालू लागले. त्यांनी शिकवणी घातली आणि सात शिकवू लागले. तुळजाबाईंनी पुसले तेव्हां म्हणाले की नव्यांची मनगटे कच्ची आहेत, पुढे बघू. पुढे पुसले तेव्हां म्हणाले की त्यांस जी हवी ती शिकवावी लागते. तिसरे वेळी तुळजाबाईंनी पुसले नाही. चार वर्षे खांबाशी एकटा बसलेल्या मनुष्यास कोणत्या तोंडाने दोष द्यावा, हे त्यांस कळत नव्हते, आणि राग तर येतच होता.

माघ मास, रविवार, सकाळचा प्रहर. रिंगणात पाय ठेवण्यास जागा नव्हती, जुने आठ-दहा आणि नवे पन्नासांवर. तुळजाबाई पुष्कळ दिवसांनी मध्ये उतरल्या. मनात एकच होते, की एकदां सगळ्यांदेखत पुरी करावी, तोंडाने सांगोन जे होत नाही ते अंगाने सांगावे, दादांस आठवेल. हात भुईस लाविला, चार मात्रांत अंग वर चढले, पाय आभाळाकडे गेले आणि त्या थांबल्या. पहिली मात्रा गेली. दुसरे मात्रेस नव्यांपैकी एक मुलगी टाळ्या वाजवीत मध्ये आली. तिचे मनात काळेबेरे नव्हते. नाचणारी थांबली, पाळी सरली, हा कायदा तिला या रिंगणातच शिकविला होता. मध्ये येवोन पाहते तो बाई हातावर तैशीच उभी, तेव्हां ती गोंधळली आणि गुरुजींकडे पाहू लागली. जुने लोकही तिकडेच पाहू लागले. तुळजाबाईंनी उलट्या मस्तकाने दादांकडे पाहिले. त्यांस खुर्चीची चाके दिसली, इस्त्रीचा सदरा दिसला, आणि तोंड दिसले. एक बोट वर केले असते तरी सारे रिंगण जागचे जागी थांबले असते. मनगट थरथरत होते. तिसरी मात्रा गेली.

"जागा दे, तुळजे," अंकुशराव म्हणाले. "पोरगी खोळंबलीय."

तुळजाबाईंनी पाय खाली घेतले आणि बाजूस जाहल्या. ती मुलगी नाचली, सात मात्रा, आणि खोटे कां लिहावे, फार छान नाचली. रिंगणाने टाळ्या वाजविल्या. रिवाज म्हणोन तुळजाबाईंनीही वाजविल्या. मग हाताची माती ओढणीस पुसोन देवळाकडे मातोश्रींपाशी गेल्या आणि त्या दिवसापासोन टाकीखाली आल्या नाहीत. अंकुशरावांनी दोन वेळां बोलावणे पाठविले. गजरे ओवणे आहेत, ऐसा जबाब आला.

येणेप्रमाणे परांचीचे वर्तमान जाहले. अकरांतील सात मात्रा राज्यभर नांदत आहेत, चारांचा ठिकाणा लागत नाही. चित्रपटवाल्यांनी नेल्या ऐसे जुने लोक म्हणतात, आणि चित्रपट दुपारचे खेळास लागला की तेच लोक पहिले रांगेत बसोन शिट्ट्या वाजवितात. लिहिणाराही त्यांत होता. उणे अधिक लिहिले गेले असेल तर ज्याने त्याने आपले पायांस पुसोन दुरुस्त करावे. लेखनसीमा.